वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना कोणी विचारलंय का?

पत्र:

नमस्कार ताई,
आम्ही बरीच वर्षं जर्सी सिटीत भाड्याने राहतो. दोन मुलं आहेत, सासू-सासरे वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात. आता स्वतःचं घर घ्यायचं ठरवलंय आणि ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हेसंटचं, म्हणजे बेड-स्टाय या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीतलं, एक ब्राउनस्टोन (दर्शनी भाग तपकिरी दगडाचा असलेलं घर) मनात भरलंय. जिन्याचा कोरीव खांब, सरकती दारं, जुन्या घराची शानच वेगळी. १८९० च्या दशकातलं, चार मजली, कागदोपत्री तीन कुटुंबांचं. किंमत १८ लाख डॉलर. ज्या आजींचं घर होतं त्यांनी ते साठच्या दशकात घेतलं होतं. त्या गेल्या वर्षी वारल्या, आता भाचे-पुतणे विकताहेत. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक वयस्क गृहस्थ वीसेक वर्षं भाड्याने राहतात. लेखी करार नाही, महिना ११०० डॉलर देतात. त्यांच्या दाराशी पायपुसणं आणि बुटांचा एक जोड होता; एजंट म्हणाला, इथे आज आत जाता येणार नाही, पण काळजी करू नका, घर रिकामं करूनच मिळेल. तो मजला मला ऑफिससाठी हवाय, नाहीतर भाड्याने दिला तर २८०० सहज येतील. बाहेर पडताना शेजारच्या पायऱ्यांवर बसलेल्या बाईंनी विचारलं, "राहायला येताय की विकायला?" मला काही उत्तरच सुचलं नाही. नवरा म्हणतो, आपण नाही घेतलं तर दुसरा कोणी घेईल. मैत्रीण म्हणते, आधी तो भाग सेफ आहे का बघ. मला मात्र झोप लागत नाही. आपण कोणाला तरी हुसकावून त्यांच्या जागी जातोय का?
– द्विधा

उत्तर:

प्रिय द्विधा,

घर घ्यावं की घेऊ नये, असं तुम्ही विचारताय असं वरवर वाटतं. पण तुमची झोप उडवणारी गोष्ट पत्राच्या मध्यावर, एजंटच्या तोंडी, अर्ध्या वाक्यात येऊन गेली आहे: "घर रिकामं करूनच मिळेल." मी तिथेच जरा ठाण मांडून बसणार आहे.

न्यूयॉर्कच्या खरेदीकरारात याला 'डिलिव्हर्ड व्हेकंट' म्हणतात. ताब्याच्या दिवशी घरात ना माणूस असावा, ना सामान, आणि ते बघायची जबाबदारी विकणाऱ्याची. कागदावर एक ओळ. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की त्या पायपुसण्याशेजारी लवकरच एक नोटीस येऊन पडणार. दोन वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या भाडेकरूला २०१९ च्या कायद्यानुसार ९० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. तेवढ्यात ते गेले नाहीत तर हाउसिंग कोर्टात 'होल्डओव्हर'चा, म्हणजे मुदत संपूनही जागा सोडली नाही म्हणून, दावा लावायचा. तो रेंगाळतो, आणि इकडे बँकेने तुमच्या कर्जाला बांधून दिलेल्या व्याजदराची मुदत संपत आलेली असते, म्हणून मग पुष्कळदा हातावर थोडी रक्कम ठेवून "लवकर आटपा" म्हटलं जातं. तुम्ही किल्ल्या घ्यायला जाल तेव्हा मजला झाडून लख्ख असेल. नोटिशीवर तुमचं नाव नसेल, दाव्यात तुम्ही पक्षकार नसाल. नोटीस निघालेली असेल मात्र तुमच्या अटीपायी.

त्या गृहस्थांना कायद्याचा आधार किती, म्हणाल तर फार थोडा. न्यूयॉर्कचं ते प्रसिद्ध 'रेंट स्टॅबिलायझेशन', म्हणजे भाडेवाढीवरचं नियंत्रण, साधारणपणे १९७४ च्या आधी बांधलेल्या, सहा किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींना लागू होतं. तुमच्या तीन बिऱ्हाडांच्या घराला नाही. एप्रिल २०२४ मध्ये राज्याने 'गुड कॉज इव्हिक्शन'चा कायदा केला, सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढता येऊ नये म्हणून. पण मालक स्वतः राहत असेल आणि इमारतीत दहापेक्षा जास्त बिऱ्हाडं नसतील, तर ते घर त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे तुम्ही राहायला गेलात की कायदा तुमच्याच बाजूचा. एक गोष्ट मात्र कोणालाच करता येत नाही: कुलूप बदलणं, हीट किंवा पाणी तोडणं, सामान रस्त्यावर काढणं. तीस दिवस किंवा त्याहून जास्त राहिलेल्या माणसाला कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. विकणाऱ्यांकडून असलं काही होताना दिसलं, तर क्षणभरही न रेंगाळता त्या व्यवहारातून बाहेर पडा.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल, हे खरंच आहे. मी त्यावर वाद घालणार नाही. फक्त तो 'दुसरा' कोण असतो ते बघू. बेड-स्टायमध्ये तो बहुधा नावाऐवजी रस्त्याचा नंबर लावलेली एखादी एलएलसी, म्हणजे खासगी कंपनी, असते. वारसांकडून रोखीने घर घ्यायचं, जुनी लाकडी सरकती दारं आणि छतावरची प्लास्टरची फुलं काढून टाकायची, राखाडी फरशी आणि ठिपक्यासारखे दिवे बसवायचे, नि वर्षाच्या आत पुन्हा विकायला काढायचं. शेजारच्या बाईंनी तुम्हाला जे विचारलं ते याच अनुभवातून. ते टोमणा म्हणून घेऊ नका. त्यांनी सरळ माहिती मागितली होती, आणि तुमच्याकडे चांगलं उत्तर होतं: राहायला येतोय, दोन मुलं आणि सासू-सासऱ्यांसकट. पुढच्या वेळी ते द्या.

पण यजमानांच्या युक्तिवादात एक फट आहे. 'दुसरा कोणी घेईल' यावरून एवढंच ठरतं की घर विकलं जाणारच. ते रिकामं करून विकलं जावं की माणसासकट, हे त्यातून ठरत नाही. ते ग्राहकाच्या अटीवर ठरतं, आणि या घडीला ग्राहक तुम्ही आहात.

म्हणून माझा सल्ला: घर घ्या, आणि वरच्या मजल्यासकट घ्या.

याला पैशांचं अंगही आहे, आणि ते तुम्हाला वाटतंय तितकं वाईट नाही. रिकाम्या घराला जास्त भाव मिळतो, कारण पुढचा मालक त्यात हवं ते करू शकतो. भाडेकरू असलेलं घर त्याहून स्वस्त जातं. आज १८ लाखांत तुम्ही त्या रिकामेपणाचेही पैसे मोजताय. 'व्हेकंट'ची अट तुम्हीच सोडली तर विकणाऱ्यांचे ९० दिवस वाचतात, वकिलाचा खर्च वाचतो, दावा हरण्याची किंवा लांबण्याची धास्ती जाते. हे सगळं वाटाघाटीत मांडा आणि किंमत खाली आणायला सांगा. लाजू नका. पलीकडच्या तागडीत २८०० आणि ११०० मधला दरमहा १७०० डॉलरचा फरक, म्हणजे वर्षाला २०,४०० डॉलर. (तुमच्या अपराधी वाटण्याची किंमत काढायचीच झाली तर ती एवढी आहे. पुष्कळांना आकडा दिसला की अपराधीपणा ओसरतो. तुमचं तसं होणार नाही असं पत्रावरून वाटतं.) तुलनेसाठी सांगते: १० लाखांवरच्या घराला राज्य खरेदीदाराकडून एक टक्का 'मॅन्शन टॅक्स' घेतं, तुमच्या बाबतीत १८,००० डॉलर. त्याबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. तो भरायचाच, हे तुम्ही मनोमन धरून चालला आहात.

आणि वरच्या मजल्याचे २८०० धरल्याशिवाय हप्ता बसतच नसेल तर? मग स्पष्ट सांगते, हे घर तुमच्या ऐपतीत नाही. त्या गृहस्थांची जागा मिळवल्यावरच ते ऐपतीत येतं. अशा वेळी दुसरं घर बघा. ऑफिसचं म्हणाल, तर चार मजल्यांपैकी तीन तुमच्याकडे उरतात. गार्डन फ्लोअरला, म्हणजे सगळ्यात खालच्या मजल्याला, पुढच्या पायऱ्यांखालून स्वतंत्र दार असतं, रस्त्यापासून जेमतेम एक-दोन पायऱ्या. गुडघ्यांच्या दृष्टीने सासू-सासऱ्यांना तोच बरा. त्याच्यावर पार्लर फ्लोअर, म्हणजे दिवाणखान्याचा मजला, त्याच्यावर झोपायच्या खोल्या. एका टेबलाला आणि खुर्चीला जागा निघेल हो.

एक गोष्ट मात्र आपण दोघींनीही गृहीत धरली आहे, ती म्हणजे त्या गृहस्थांना काय हवं असेल. त्यांना कोणी विचारलंय? बेड-स्टायमधले कितीतरी वयस्क लोक जॉर्जिया, कॅरोलायनाकडे परत जातात. आई-वडील तिकडूनच आलेले असतात, नातेवाईक तिथे असतात. आजी गेल्यावर त्यांनाही तिथे राहावंसं वाटत नसेल, चांगली रक्कम मिळाली तर हवीच असेल. किंवा ते आजींच्या नात्यातलेच निघतील. किंवा इतके जिने चढणं आता त्यांनाच जड जात असेल. हे कळायचा मार्ग एकच, भेट. तुमच्या वकिलामार्फत विक्रेत्यांकडे दोन गोष्टी मागा: भाडेकरूला समक्ष भेटण्याची परवानगी आणि 'इस्टॉपल', म्हणजे भाडं किती, अनामत किती, काय ठरलंय हे भाडेकरूने स्वतःच्या सहीने लिहून दिलेला कागद. एजंटने कपाळाला आठ्या घातल्या तरी मागा. भेटायला दोघं जा, मुलांना नेऊ नका, आणि पहिल्याच भेटीत आकडा काढू नका.

त्यांना राहायचं असेल तर लेखी करार करा, वर्षाचा नाही, निदान दोन-तीन वर्षांचा. त्यांच्याकडे आज काहीच लेखी नाही. त्यांच्या दृष्टीने तुम्ही देऊ शकाल त्यातली सर्वांत मोलाची वस्तू हाच कागद. भाडं वाढवायलाही माझी ना नाही, ११०० म्हणजे खरोखर जुनं भाडं आहे. पण थोडं वाढवा, आणि पाच टक्के किंवा त्याहून जास्त वाढ करायची असेल तर त्यांच्यासारख्या जुन्या भाडेकरूला ९० दिवस आधी लेखी कळवावं लागतं हे ध्यानात ठेवा. त्यांना जायचं असेल तर रक्कम त्यांच्या वकिलासमोर ठरवा, आणि तारीख त्यांना निवडू द्या. शहराच्या नियमाप्रमाणे भाडेकरूने लेखी 'नको' म्हटलं, की १८० दिवस पुन्हा तो विषय काढता येत नाही. नियम नसता तरी काढू नये.

आता आजींविषयी. त्या कोण होत्या ते मला ठाऊक नाही, पण त्या काळात त्या रस्त्यावर घर कसं घेतलं जायचं ते ठाऊक आहे, आणि घर घेण्याआधी तुम्हालाही ते ठाऊक असलेलं बरं. १९३६ मध्ये फुल्टन स्ट्रीटखालून सबवे सुरू झाली आणि मॅनहॅटनमधल्या हार्लेमच्या दाटीतून कृष्णवर्णीय कुटुंबं बेड-स्टायकडे येऊ लागली. दक्षिणेतून, बार्बाडोससारख्या बेटांवरूनही आली. १९३८ च्या नकाशात 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' या सरकारी संस्थेने हा सगळा भाग लाल रंगवला: इथे कर्ज देणं धोक्याचं. घरं जुनी होती हे एक कारण, आणि राहणारे कोण आहेत हे दुसरं. बँका फिरकेनात. मग लोकांनी काय केलं? विकणाऱ्यालाच हप्ते बांधून दिले, बँकेपेक्षा चढ्या व्याजाने. घरातल्या खोल्या बाहेरच्यांना भाड्याने दिल्या. आणि 'सूसू' लावली. सूसू म्हणजे थेट आपली भिशी: दर आठवड्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची. कॅरिबियन बायकांनी त्या उचललेल्या रकमेतून ब्रुकलिनमध्ये घरांचे पहिले हप्ते भरले आहेत.

घरांच्या बाबतीत वर्णभेद करायला केंद्रीय कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. आजींनी घर घेतलं ते बहुधा त्याच्या आगेमागे. त्यानंतर सत्तरच्या दशकात शहराचं दिवाळं निघायची पाळी आली, आसपासची घरं ओस पडली, जळली. २००० नंतर उलटं झालं, जिथे कर्जच मिळत नव्हतं तिथे दारोदार येऊन फसव्या अटींची कर्जं गळ्यात मारली गेली, आणि २००८ च्या सुमाराला बेड-स्टायमध्ये जप्त्यांची रांग लागली. या सगळ्यातून आजींनी ते छप्पर शाबूत ठेवलं. तुम्हाला आज जी 'जुन्या घराची शान' आवडली आहे, तो जिन्याचा कोरीव खांब आणि ती सरकती दारं, ती टिकली ती कोणीतरी साठ वर्षं छताला डांबर लावत राहिल्यामुळे.

म्हणून भाच्या-पुतण्यांना मी नावं ठेवणार नाही. त्या घरातच सगळी पुंजी आहे, आणि योग्य भाव मिळवण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. विक्री मालक गेल्यावरच का निघते, यालाही कारण आहे. आजींनी हयातीत विकलं असतं तर साठच्या दशकातली खरेदीकिंमत धरून नफा मोजला गेला असता आणि अडीच लाखांच्या सवलतीवरच्या नफ्यावर कर लागला असता. वारसांसाठी किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते, कर जवळपास उरतच नाही. त्यामुळे एखाद्या गल्लीत वयस्क पिढी जाऊ लागली की पाच-सहा वर्षांत घरांमागून घरं बाजारात येतात. २०१० ते २०२० या दोन जनगणनांच्या दरम्यान बेड-स्टायमधले कृष्णवर्णीय रहिवासी २२ हजारांहून अधिक कमी झाले आणि गोरे ३० हजारांहून अधिक वाढले. त्यातले काही हुसकावले गेले, काहींनी चांगल्या भावात घर विकून आनंदाने बिऱ्हाड हलवलं. दोन्ही खरं आहे. तुमच्या घरात ते दोन्ही एकाच छताखाली आहे: खाली भाव मिळवणारे वारस, वर काहीच न मिळणारा भाडेकरू.

वारसांवरून एक व्यवहाराची गोष्ट, आणि ही टाळू नका. 'भाचे-पुतणे' म्हणजे किती जण? सगळे राजी आहेत? मृत्युपत्र होतं की नाही, सरोगेट कोर्टाने (वारसाहक्काची प्रकरणं बघणारं कोर्ट) कोणाच्या नावे अधिकारपत्र दिलंय, हे वकिलाला तपासायला लावा. आणि तुम्ही स्वतःही एक संध्याकाळ 'अ‍ॅक्रिस'वर घालवा. शहराची ही नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, ब्रुकलिनचे १९६६ पासूनचे खरेदीखत, गहाणखत सगळे दिसतात. पत्ता टाकला की ब्लॉक आणि लॉट नंबर मिळतो. बघताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. शेवटच्या काही वर्षांत अचानक एखाद्या एलएलसीच्या नावे छोटा हिस्सा गेला आहे का? एका वारसाचा तुकडा स्वस्तात घ्यायचा आणि कोर्टात वाटणीचा दावा लावून सगळं घर विकायला भाग पाडायचं, हा जुना धंदा आहे. २०१९ मध्ये राज्याने कायदा करून बाकीच्या वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याची संधी दिली. आणि दुसरं, आजींच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या सहीने काही हस्तांतरण झालंय का? मालकांची दिशाभूल करून किंवा खोट्या सहीने घर लाटणं ब्रुकलिनमध्ये इतकं बोकाळलं, की २०२४ पासून न्यूयॉर्कमध्ये 'डीड थेफ्ट' हा कायद्याने गुन्हा ठरवला आहे. टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीहक्काचा विमा, पैसे परत देईल. लुबाडलेल्या माणसाच्या घरात राहत असल्याची जाणीव पुसायला त्याचा काही उपयोग नाही.

जाता जाता, घर पूर्वी खोल्या-खोल्यांनी भाड्याने दिलेलं होतं का, तेही विचारा. १९३८ च्या आधीच्या घरांना कित्येकदा वापराचा अधिकृत दाखला नसतो. शहराच्या गृहनिर्माण खात्याच्या 'आय-कार्ड'वर जुनी बिऱ्हाडं मोजलेली असतात. तिथे सहा किंवा जास्त निघाली, तर वर मी रेंट स्टॅबिलायझेशनबद्दल जे लिहिलं ते उलटू शकतं आणि त्या गृहस्थांचे हक्क एकदम वाढू शकतात. त्यांनाही ते माहीत नसेल. कळलं तर लपवू नका.

मैत्रिणीचा 'सेफ'वाला प्रश्न. माणसं रात्री पायऱ्यांवर बसून गप्पा मारतात अशा गल्लीला आपले लोक 'अनसेफ' म्हणतात, आणि जिथे शेजाऱ्याचं नाव माहीत नाही त्याला 'चांगली सोसायटी'. गुन्ह्यांची आकडेवारी पोलीस खात्याच्या संकेतस्थळावर ठाण्यानुसार मिळते, ती बघा, रात्री दहाला त्या रस्त्याने चालून या, आणि मग ठरवा. मैत्रिणीच्या मनातली भीती आकड्यांवरून आलेली नसावी असा माझा संशय आहे. तिला एवढंच सांगा: १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या दृष्टीने 'गोरा' नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने देशावार कोटे गेले आणि तुमचे-आमचे लोक येऊ लागले. तो कायदा ज्या वातावरणात झाला, ते नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलं होतं. त्या आजींच्या पिढीने.

राहायला गेल्यावरच्या दोन-चार गोष्टी. पहिल्याच आठवड्यात पत्रपेटीत "तुमचं घर रोखीने घेतो" अशी हाताने लिहिल्यासारखी छापील कार्डं येतील. शेजारच्या बाईंना ती कित्येक वर्षं येताहेत, दिवसातून तीनदा फोनही. हा बोलायला चांगला विषय आहे. ब्लॉक असोसिएशन, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांची संघटना, असेल तर वर्गणी भरा आणि पहिलं वर्षभर सूचना करू नका. उन्हाळ्यात गाणी मोठ्याने लागली तर ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन करण्याआधी खाली जाऊन बोला. नवे लोक आले की तक्रारींचे फोन वाढतात आणि पोलीस दारात येतात, हे त्या गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. दर्शनी भागाला हात लावायच्या आधी घर 'हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट'मध्ये येतं का ते बघा. बेड-स्टायमधल्याच स्टायव्हेसंट हाइट्सचा काही भाग १९७१ पासून संरक्षित आहे, २०१३ मध्ये तो वाढवला. तिथे खिडक्या बदलायलासुद्धा जुन्या वास्तू जपणाऱ्या लँडमार्क्स कमिशनची परवानगी लागते. तो तपकिरी दगड मऊ वालुकाश्म आहे आणि पापुद्रे सुटतात. दुरुस्ती महाग असते. त्यासाठी आत्ताच पैसे बाजूला काढा.

मालमत्ता कराची धास्ती मात्र नको. एक ते तीन कुटुंबांच्या घरांचं करासाठीचं मूल्यांकन वर्षाला सहा टक्क्यांहून आणि पाच वर्षांत वीस टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि विक्री झाली म्हणून ते नव्याने केलं जात नाही. म्हणजे आजींचा जुना, कमी कर तुमच्याकडे येईल. न्यूयॉर्कच्या या सवलतीचा सगळ्यात मोठा लाभ झपाट्याने महाग होणाऱ्या भागातल्या घरमालकांना होतो, ज्यांना तिची गरज सगळ्यात कमी. यातून जे काही वाचेल ते वरच्या मजल्याच्या हिशेबात धरा, बघा १७०० चा फरक किती उरतो.

तुमच्या येण्याने भाव थोडा वाढेल. पुढचं घर विकताना एजंट तुमच्या घराचा आकडा दाखवेल. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, आणि तुम्हीही तो शोधत बसू नका.

न्यूयॉर्कमध्ये तोंडी होकाराला कायद्याने किंमत नाही. करारावर सह्या होऊन दहा टक्के जमा होईपर्यंत तुम्ही मोकळ्या आहात. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. सोमवारी सकाळी वकिलाला फोन करून 'व्हेकंट'चं कलम तूर्त थांबवायला सांगा आणि वरच्या गृहस्थांच्या भेटीची वेळ मागा. ते काय म्हणाले ते मला कळवा, घराचं काहीही होवो.

– तुमची ताई